जुने इंजिन बांधून घ्यावे की तयार इंजिन बसवावे?

द्राक्षांच्या हंगामात पिंपळगावच्या फेऱ्या करणाऱ्या पिकअपचे इंजिन तेल पिऊ लागले की जुने इंजिन बांधून घ्यावे, म्हणजे उघडून झिजलेले भाग दुरुस्त करून किंवा बदलून घ्यावे, की दुसरे तयार इंजिन बसवावे, हा प्रश्न नाशिकमधील मालकापुढे उभा राहतो. निर्णय भावावरून नव्हे, मोजमापावरून घ्यावा.

प्रथम कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमध्ये तयार होणारा दाब, तपासून घ्यावे. त्यानंतर इंजिन उघडल्यास प्रत्येक सिलिंडरचा बोअर (आतला व्यास) वर, मध्ये आणि खाली, तसेच एकमेकांस काटकोनात असलेल्या दोन दिशांनी मोजण्यास सांगावे, कारण झीज सर्वत्र सारखी नसते आणि एकाच ठिकाणचे माप फसवे ठरते. क्रँकचे जर्नल, म्हणजे बेअरिंगमध्ये फिरणारे त्याचे गोल भाग, हेही मोजावेत. क्रँक ग्राइंडिंगच्या (घासून पुन्हा नीट गोल करण्याच्या) मर्यादेत असेल आणि ब्लॉकला तडा नसेल, तर माझ्या मते आपलेच इंजिन बांधणे उत्तम. त्याचा इतिहास आपल्याला ठाऊक असतो. बोअरिंगपूर्वी, म्हणजे सिलिंडर आतून कापून मोठा करण्यापूर्वी, ओव्हरसाइज (मूळ मापापेक्षा मोठे) पिस्टन हाती असावेत, म्हणजे प्रत्यक्ष पिस्टन मोजूनच बोअर काढता येतो.

ब्लॉक फुटला असेल, किंवा गाडी फार दिवस उभी ठेवणे परवडत नसेल, तर तयार इंजिन घ्यावे. मात्र स्वस्त भावात टर्बो, पंप, इंजेक्टर धरले आहेत का, आणि नवे भाग कोणते, हे बिलावर लिहून घ्यावे. इंजिन क्रमांक नोंदणी प्रमाणपत्रावर असतो. म्हणून खरेदीपूर्वीच आरटीओत चौकशी करावी.

इंजिन कोणतेही असो, ते तापण्याचे मूळ कारण रेडिएटरमध्ये असल्यास तो आधी दुरुस्त करावा, अन्यथा कसारा घाटात नवे हेडगॅस्केटही (ब्लॉक आणि हेड यांमधील सील) जळेल.