स्वादुपिंडाचा कॅन्सर आणि घरातलं वयस्कर माणूस

डॉक्टरांना वयापेक्षा रोजचं चालणं-फिरणं सांगा. आमचे सासरे अण्णा ७८व्या वर्षीही सारसबागेला फेरी मारायचे. त्यावरून बरंच ठरलं. तब्येत धड असेल तर सत्तरीनंतरही ऑपरेशनचा विचार होतो. नसेल तर तीन-चार औषधांच्या जड केमोऐवजी बऱ्याचदा एकटं जेमसिटाबिन देतात. कावीळ झाली असेल तर स्टेंट, म्हणजे पित्ताची वाट मोकळी ठेवणारी नळी, घालतात. त्यानंतर हुडहुडी भरून ताप आला, किंवा केमो चालू असताना १००.४ फॅरनहाइटच्या वर गेला, तर सकाळची वाट बघू नका, हॉस्पिटल गाठा.

जेवणात खरी कसोटी. शौचाला तेलकट, तरंगणारं होत असेल तर तूप बंद करण्याआधी पचनाला मदत करणाऱ्या एन्झाइमच्या कॅप्सूलबद्दल विचारा. त्या पहिल्या घासाबरोबर गिळायच्या, उपाशीपोटी नाही, चावायच्या तर मुळीच नाहीत. जेवण लांबलं तर काही मधे. ‘नुसती पेज द्या’ सांगणारे शेजारी येतातच. त्यांना चहा द्यायचा आणि अण्णांच्या वरणभातावर तूप वाढायचं.

दुखणं कमी करणाऱ्या मॉर्फिनला घाबरू नका, फक्त पोट साफ होण्याचं औषध पहिल्या दिवसापासून मागून घ्या. पुण्यात वारज्याला सिप्लाच्या पॅलिएटिव्ह केअर (त्रास कमी करणारी काळजी) सेंटरमध्ये मोफत सेवा मिळते. तिथे जायला शेवटाची वाट बघू नका, केमो चालू असतानाच जा.