सीएसएस सिलेक्टर: एका स्पेसने काय काय बदलतं

सीएसएसमध्ये, म्हणजे वेबपानाचं रूप ठरवणाऱ्या भाषेत, दिलेला रंग पानावर दिसतच नसेल, तर आधी सिलेक्टर तपासा, म्हणजे नियम पानावरच्या कशाला लागू करायचा ते सांगणारा भाग. टॅगचं नाव नुसतं लिहायचं, क्लासच्या आधी डॉट, आयडीच्या आधी हॅश, एवढं बहुतेकांना पाठ असतं. गडबड होते ती दोन सिलेक्टर शेजारी आले की.

समजा, 'कार्ड' आणि 'ॲक्टिव्ह' असे दोन क्लास आहेत. डॉटसकट एकमेकांना चिकटवून लिहिलेत, तर दोन्ही एकाच एलिमेंटवर (पानावरच्या घटकावर) असायला हवेत. मध्ये स्पेस पडली की अर्थच बदलतो: कार्डच्या आत कितीही खोल असलेला ॲक्टिव्ह. स्वल्पविराम दिलात तर दोघांनाही तीच स्टाइल लागते.

सिलेक्टर बरोबर आहे, तरी रंग येत नाही? मग दुसरा कुठलातरी नियम वरचढ ठरतोय. क्लास टॅगला हरवतो, आयडी क्लासला. २० क्लास जोडलेत तरी एका आयडीपुढे चालत नाहीत. बरोबरी झाली तर नंतर लिहिलेला नियम जिंकतो. एलिमेंटवर राइट-क्लिक करून 'इन्स्पेक्ट' उघडा. हरलेली ओळ तिथे खोडलेली दिसते; नियम मुळीच दिसत नसेल, तर तो जुळलेलाच नाही. अशा वेळी क्लासच्या नावातली कॅपिटल-स्मॉल अक्षरंही बघा.

लगेच 'इम्पॉर्टंट' (नियमाला जबरदस्तीने वरचढ करणारा शब्द) लावायचा मोह आवरा, कारण पुढे त्याला हरवायला आणखी एक इम्पॉर्टंट लागतो. माझं विचाराल तर स्टाइलसाठी आयडी वापरूच नका. तो लिंक आणि जावास्क्रिप्टसाठी राहू द्या.