जांभ्यावर मिश्र वन उभारताना: झाडांची निवड आणि मुळांवरची बुरशी

कोकणातील किंवा घाटमाथ्यावरील उजाड जांभ्यावर वन उभे करायचे असेल, तर कोणती झाडे लावायची आणि त्यांच्या मुळांशी कोणती बुरशी असेल, हे दोन्ही प्रश्न एकत्रच सोडवावे लागतात. जांभ्याच्या मातीत स्फुरद (फॉस्फरस) असते, परंतु लोह आणि ॲल्युमिनियमने ते इतके घट्ट धरून ठेवलेले असते की मूळ आपल्या भोवतीचा एक-दोन मिलिमीटरचा पट्टा संपवून उपाशी राहते. मायकोरायझा म्हणजे मुळांशी सहजीवन करणारी बुरशी; तिचे तंतू मुळापेक्षा कितीतरी बारीक असल्याने या पट्ट्यापलीकडे काही सेंटिमीटरपर्यंत पोहोचतात आणि स्फुरद आणून देतात. मोबदल्यात झाड तिला साखर व स्निग्ध पदार्थ पुरवते.

झाडे मिश्र का लावावीत, याचे उत्तरही बरेचसे मातीतच सापडते. चीनच्या जिआंग्शी प्रांतात 2009 पासून लावलेल्या प्रायोगिक वनात आठ वर्षांनंतर 16 जातींच्या मिश्रणात साठलेला कार्बन एकाच जातीच्या सरासरी लागवडीच्या दुपटीहून अधिक भरला. वेगवेगळ्या उंचीचे शेंडे उजेड वाटून घेतात, हे त्याचे एक कारण सांगितले जाते. दुसरे कारण असे की एकाच जातीची झाडे दाटीने असली की त्या जातीचे रोगजंतू मुळांभोवती साठत जातात आणि शेजारचे त्याच जातीचे रोप खुरटते, तर वेगळ्या जातीचे रोप त्यांतून बहुधा सुटते.

हा धोका आपल्याकडे विशेष लक्षात घ्यावा लागतो, कारण ऐन, किंजळ, जांभूळ, हिरडा, शिवण अशा सह्याद्रीतील बहुतेक झाडांशी मुळाच्या पेशींत शिरणारी मायकोरायझा बुरशी (आर्बस्क्युलर) नांदते. पाइन, ओक यांच्या मुळांवर बाहेरून आवरण घालणारी बुरशी (एक्टोमायकोरायझा) निराळी; ती रोगजंतूंना काही प्रमाणात अडवते आणि तशी वने एकाच जातीची असूनही टिकू शकतात. तिच्याविना पोर्तो रिको या कॅरिबियन बेटावर पाइनची रोपे वारंवार अपयशी ठरत होती आणि 1955 मध्ये पाइनखालची माती आणून घातल्यावरच ती वाढू लागली. म्हणून कृषी सेवा केंद्रातून मायकोरायझाचे पाकीट घेताना त्यावरील प्रकार वाचावा. पाइनची बुरशी जांभळाच्या उपयोगाची नाही.

माझ्या मते पाकिटापेक्षा जवळच्या देवराईतील मूठभर माती अधिक भरवशाची, कारण तिच्यातील बुरशी त्याच पावसाला आणि त्याच दगडाला सरावलेली असते. गावाची परवानगी घेऊन चार-पाच वेगवेगळ्या जातींच्या निरोगी झाडांखालची, वरच्या 10 ते 15 सेंटिमीटरमधील बारीक मुळांसह माती घ्यावी, आणि तीही एक-दोन किलोच, कारण देवराई ओरबाडून वन उभारण्यात अर्थ नाही. नोव्हेंबरमध्ये ही माती धुतलेल्या वाळूत मिसळून कुंड्यांत भरावी आणि त्यांत ज्वारी पेरावी. ज्वारीच्या मुळांवर बुरशी वाढत राहते. सुमारे तीन महिन्यांनी पाणी तोडावे, ताटे वाळल्यावर कापून टाकावीत आणि मुळांचे तुकडे करून मातीसह कापडी पिशवीत, सावलीत ठेवावे. हेच आपले विरजण.

रोपवाटिकेत पिशवी भरताना बियाण्याच्या दोन-तीन सेंटिमीटर खाली या विरजणाचे दोन चमचे घालावेत, म्हणजे पहिले मूळ त्यातूनच खाली जाईल. जांभळाचे बी मे-जूनमध्ये मिळते आणि त्याची उगवणशक्ती लवकर जाते, म्हणून ते लगेच पेरावे आणि ती रोपे पुढच्या वर्षीच्या लागवडीसाठी धरावीत. पिशवीत डीएपी किंवा सुपर फॉस्फेट घालण्याचा मोह टाळावा; स्फुरद आयते मिळाले की झाड बुरशीला पोसणे कमी करते. कार्बेन्डाझिम या बुरशीनाशकाची आळवणी तर ही बुरशीच दडपते. थोडे कुजलेले शेणखत पुरेसे आहे.

पहिला चांगला पाऊस झाल्यावर दोन ते तीन मीटर अंतरावर, शेजारी-शेजारी एक जात येणार नाही अशा रीतीने, निदान बारा-पंधरा जाती लावाव्यात. त्यांत करंज, पांगारा यांसारखी नत्र स्थिर करणारी झाडे असावीत. बहावा शेंगवर्गीय असला तरी त्याच्या मुळांवर नत्र स्थिर करणाऱ्या गाठी येत नाहीत, हे येथे विसरू नये.

लागवडीनंतर जमीन खणू नये, पालापाचोळा जाळू नये आणि गवत मुळासकट उपटण्याऐवजी कापून आच्छादनासाठी वापरावे, कारण तंतूंचे जाळे नांगराच्या एका फेरीत तुटते. पावसाळ्यात वारुळावर उगवलेली अळंबी पाहून आपली बुरशी लागली असे समजू नये. ती वाळवीने जोपासलेली बुरशी आहे. आपली बुरशी मुळे रंगवून सूक्ष्मदर्शकाखालीच दिसते. घरी तपासायचे असेल, तर विरजण घातलेली आणि न घातलेली रोपे शेजारी वाढवून त्यांची उंची मोजावी. दुसऱ्या पावसाळ्यात मेलेल्या रोपांच्या जागा भरताना मात्र मूळ कुजून मेलेल्या रोपाच्या खड्ड्यात तीच जात पुन्हा लावू नये.