३९ माणसांचा हिशेब: गोव्यात आपलं मत कसं वापरावं

२०२२ च्या विधानसभा निवडणुकीत फोंड्यातून दिवंगत रवी नाईक ७७ मतांनी निवडून आले. सांत आंद्रेत वीरेश बोरकर ७६ मतांनी जिंकले. वेळ्ळीत फरक होता १६९ मतांचा, प्रियोळात २१३ चा. साखळीत खुद्द मुख्यमंत्र्यांची आघाडी ६६६ होती. आता ७७ च्या फरकाचा हिशेब करून बघा. जिंकलेल्याची ३९ माणसं दुसरीकडे वळली असती, तर निकाल उलटा लागला असता. ३९ माणसं म्हणजे आमच्या वाड्यावरची आठ-दहा घरं.

मी फोंडा महालात मराठी प्राथमिक शाळेत शिकवलं. शाळामास्तरणीच्या नशिबी इलेक्शन ड्युटी असतेच, त्यामुळे बूथवर टेबलाच्या पलीकडे मी पुष्कळ बसले आहे. "एका मतानं कितें जातलें, बाई?" म्हणजे एका मतानं काय होणार, हे वाक्य टेबलाच्या अलीकडे आणि पलीकडे दोन्हीकडे ऐकलं. माझं उत्तर ठरलेलं आहे. गोव्यात ४० मतदारसंघ आणि २०२२ मध्ये साडेअकरा लाखांच्या आसपास मतदार होते, म्हणजे एका मतदारसंघात सरासरी २८-२९ हजार. महाराष्ट्रात हाच आकडा तीन लाखांच्या वर जातो. पंचायतीच्या वॉर्डात तर काही शेच मतदार असतात. इतकं वजनाचं मत देशात फार थोड्यांच्या वाट्याला आलं आहे. मात्र ते वापरायची एक रीत आहे.

सुरुवात यादीपासून

मत देता न आलेली माणसं मी बूथवर पाहिली, त्यांतल्या बहुतेकांची अडचण एकच होती: कार्ड हातात, पण यादीत नाव नाही. ओळखपत्र असलं म्हणजे मत आहे असं होत नाही. यादीत नाव असेल तरच मत. म्हणून निवडणूक जाहीर व्हायची वाट बघू नका. निवडणूक आयोगाच्या मतदार सेवा पोर्टलवर स्वतःचं नाव शोधा, नाहीतर १९५० ला फोन लावा, नाहीतर आपल्या भागाच्या बीएलओला, म्हणजे बूथची यादी सांभाळणाऱ्या कर्मचाऱ्याला, गाठा. नाव, वय, घर क्रमांक, भाग क्रमांक सगळं नीट वाचा. २०२५ च्या नोव्हेंबरपासून गोव्यात यादीचं विशेष सखोल पुनरीक्षण झालं, तेव्हा गेल्या वेळी नाव होतं म्हणून आताही असेल असं धरून चालू नका.

फॉर्म तीनच लक्षात ठेवायचे. नवीन नावासाठी ६, नाव वगळण्यासाठी ७, दुरुस्तीसाठी आणि पत्ता बदलण्यासाठी ८. अठरा पूर्ण होण्याचा हिशेब आता वर्षातून एकदाच धरत नाहीत. १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै आणि १ ऑक्टोबर अशा चार तारखा आहेत. बारावीतल्या मुलाला किंवा मुलीला आजच फॉर्म भरायला बसवा.

आपल्याकडे सर्वांत जास्त घोळ होतो तो सुनांचा. माहेरच्या गावी एका नावानं मत आणि सासरी लग्नानंतर नाव-आडनाव दोन्ही बदललेलं. मडगावची मुलगी फोंड्याला आली की दोन-तीन निवडणुका ती ना तिथली, ना इथली. घरातल्या मोठ्यांनी हे मनावर घ्यावं. सून आली की रेशनकार्डाबरोबर फॉर्म ८ सुद्धा भरून टाकावा. गोव्यात महिला मतदार पुरुषांपेक्षा जास्त आहेत, त्यांचं मत कागदाच्या घोळात अडकणं मला सहन होत नाही.

घरातलं कुणी वारलं असेल तर फॉर्म ७ भरून नाव काढून घ्या. मनाला जड जातं, ठाऊक आहे, पण यादीत राहिलेल्या त्या नावावर दुसऱ्या कुणी मत टाकलं तर ते जास्त वाईट.

बोटीवर असलेल्या तारवट्यांना, म्हणजे खलाशांना, तिथून मत देता येत नाही, मतदानाच्या दिवशी ते गावात हवेत. परदेशात नोकरीला असलेला भारतीय नागरिक फॉर्म ६-अ भरून नाव ठेवू शकतो, पण मत द्यायला त्यालाही इथेच यावं लागतं. पोर्तुगीज नागरिकत्व घेतलं की भारतीय नागरिकत्व जातं आणि त्याबरोबर मतही. अनेक घरांतून हा निर्णय झाला आहे. त्या घरांविषयी माझ्या मनात राग नाही, पण मागे राहिलेल्या आईवडिलांचं मत त्यामुळे आणखी मोलाचं होतं.

उमेदवार वाचून काढा

पोस्टर बघू नका, प्रतिज्ञापत्र बघा. प्रत्येक उमेदवाराला अर्जासोबत फॉर्म २६ द्यावा लागतो आणि आयोग तो सगळ्यांना बघता येईल असा खुला ठेवतो. त्यात गुन्हे, मालमत्ता, कर्ज, शिक्षण असतं. पाच वर्षांचं आयकर विवरणातलं उत्पन्न असतं, नवऱ्याच्या किंवा बायकोच्या नावावरचं सगळं असतं, आणि सरकारी घराचं भाडं, वीज, पाणी थकलेलं आहे का तेही.

वाचायची माझी पद्धत सांगते. उमेदवार आधी उभा राहिलेला असेल तर मागच्या निवडणुकीतलं प्रतिज्ञापत्र काढायचं आणि दोन्ही शेजारी शेजारी ठेवायची. जमीन कुठल्या गावात वाढली? सर्व्हे नंबर दिलेला असतो. शेतजमीन की बिगरशेती, तेही दिलेलं असतं. ज्या गावात डोंगरकापणीवरून भांडण चालू आहे, त्याच गावात जमीन निघाली तर त्याला दारावर आल्यावर विचारायचा प्रश्न तयार झाला. हे काम एका संध्याकाळचं आहे. वाड्यावरच्या चार बायकांनी मिळून केलं तर तासाभरात होतं.

पाकीट, नोकरी आणि धमकी

पैसे देणं गुन्हा आहे आणि घेणंही. निवडणूक आयोगाच्या सी-व्हिजिल अ‍ॅपवर फोटो किंवा व्हिडिओ टाकून तक्रार करता येते. नाव लपवूनही करता येते. पण आपल्याकडे पाकिटापेक्षा मोठं आमिष सरकारी नोकरीचं असतं, आणि आमिषापेक्षा मोठी असते भीती: "कुणाला मत दिलं ते त्यांना कळतं."

यावर खरं काय ते नीट सांगते. तुमचं एकट्याचं मत कुणालाही कळत नाही. बूथवरच्या १७-अ नोंदवहीत तुमची सही असते, पण मशीनमध्ये कुठलं बटण दाबलं याची तुमच्या नावाशी सांगड घालणारी नोंद कुठेच नसते. मात्र निकालानंतर बूथवार मतं जाहीर होतात, त्यामुळे कुठल्या बूथवर कुणाला किती मिळाली हे उमेदवाराला कळतं. छोट्या गावात त्यावरून वाड्याचा अंदाज बांधतात आणि मग "तुमच्या वाड्याला रस्ता कसा होतो बघू" अशी भाषा ऐकू येते. ही धमकी वाड्याला असते, तुम्हाला नाही. तिला उत्तरही वाड्यानंच द्यायचं असतं. रस्ता हा ग्रामसभेत मागायचा हक्क आहे, त्याची मताशी देवाणघेवाण होत नाही, हे चारचौघांनी एकत्र उभं राहून सांगायचं.

मतदानाच्या दिवशी शक्यतो सकाळीच जा. ओळखपत्र नसेल तर आधार, पॅन, पासपोर्ट, वाहन परवाना, फोटो असलेलं पासबुक यांतलं काहीही चालतं. नुसती मतदार चिठ्ठी चालत नाही. बटण दाबल्यावर शेजारच्या व्हीव्हीपॅटच्या, म्हणजे चिठ्ठी छापणाऱ्या यंत्राच्या, काचेत दिवा लागतो. उमेदवाराचा क्रमांक, नाव आणि चिन्ह छापलेली चिठ्ठी ७ सेकंद दिसते आणि कापली जाऊन खाली पडते. घाई न करता ती वाचा. २०१७ मध्ये आख्ख्या राज्यात प्रत्येक बूथवर व्हीव्हीपॅट वापरणारं पहिलं राज्य गोवाच होतं.

तुमच्या नावावर आधीच कुणी मत टाकलेलं असेल तर रडत-भांडत घरी जाऊ नका. केंद्राध्यक्षाकडे प्रदत्त मत मागा. ओळख पटली की कागदी मतपत्रिका मिळते, ती वेगळ्या पाकिटात जाते. एरवी ती मोजली जात नाही, पण थोड्या मतांच्या फरकाचा निकाल कोर्टात गेला की तीच महत्त्वाची ठरू शकते. आणि बंद व्हायच्या वेळी तुम्ही रांगेत असाल तर कुणी परत पाठवू शकत नाही. रांगेतल्या शेवटच्या माणसापासून पुढे चिठ्ठ्या वाटतात, चिठ्ठी मिळाली की मत पक्कं.

"आमचा हरला" आणि "आमचा उडाला"

ही दोन दुखणी मी सर्वांत जास्त ऐकते. पहिलं आधी घेते. १६ जानेवारी १९६७ ला जनमत कौल झाला. गोवा महाराष्ट्रात विलीन करायचा की वेगळा ठेवायचा? विलीनीकरणाला फूल आणि वेगळं राहायला दोन पानं अशी चिन्हं होती. माझ्या वडिलांनी फुलाला मत दिलं, मराठी घरांतून तेव्हा पुष्कळांनी दिलं. दोन पानं ३४,०२१ मतांनी जिंकली. दोनच महिन्यांनी विधानसभेची निवडणूक झाली, आणि विलीनीकरण मागणाऱ्या मगो (महाराष्ट्रवादी गोमंतक) पक्षालाच लोकांनी पुन्हा सत्तेवर बसवलं, भाऊसाहेब बांदोडकर पुन्हा मुख्यमंत्री झाले. लोकांनी गोवा कसा असावा हा प्रश्न वेगळा ठेवला आणि सरकार कुणाचं असावं हा वेगळा. वडील म्हणायचे, कौल मोजला गेला म्हणून तो मान्य करता आला. हरलेल्या १,३८,१७० मतांची नोंद राहिली आणि त्या मतदारांना कुठलंच सरकार पुढे विसरू शकलं नाही. म्हणून "अमका येणारच, मत फुकट घालवू नका" असं कुणी सांगितलं तर ऐकू नका. येणाऱ्याला आघाडी किती मिळते, यावरही तो पाच वर्षं किती ताठ चालतो ते ठरतं.

दुसरं दुखणं जास्त खोल आहे. २०१९ च्या जुलैत काँग्रेसच्या १५ पैकी १० आमदार एकदम भाजपमध्ये गेले. २०२२ मध्ये निवडणुकीआधी देवळात, खुरसासमोर (क्रॉससमोर) आणि दर्ग्यात काँग्रेसच्या उमेदवारांच्या पक्ष न सोडण्याच्या शपथा झाल्या, आणि त्याच सप्टेंबरात काँग्रेसच्या ११ पैकी ८ गेले. दोन-तृतीयांश गेले की पक्षांतरबंदी कायद्यातली पक्ष-विलीनीकरणाची वाट मोकळी होते, म्हणजे आमदारकी जात नाही, आणि १५ चे दोन-तृतीयांश बरोबर १० होतात. मतदाराला फसवल्यासारखं वाटतं, मलाही वाटलं. पण सांत आंद्रेत ७६ मतांनी हरलेले फ्रान्सिस सिल्वेरा २०१९ च्या त्या दहांतलेच होते. त्या दहांचं नेतृत्व करणारे बाबू कवळेकर केप्यात हरले. काहीजण पुन्हा निवडूनही आले, तेही खरं. म्हणजे हिशेब मतदारच करतो, कुठे करतो, कुठे सोडून देतो.

तेव्हा प्रचाराला आलेल्याला दारातच विचारा: "पक्ष सोडायचा झाला तर आधी राजीनामा देऊन पुन्हा निवडणुकीला उभे राहाल का?" उत्तर मोबाइलवर रेकॉर्ड करा, त्याला सांगून करा. शपथेपेक्षा हे बरं.

मतदानानंतरचं मत

मतदार यादीत नाव असलेला प्रत्येकजण ग्रामसभेचा सदस्य असतो. ग्रामसभा वर्षातून किमान चारदा, रविवारी भरते. विधानसभेत तुम्ही ४० पैकी एकाला पाठवता, इथे तुम्ही स्वतः बसता. गावोगावची जमीन कशाला वापरायची हे ठरवणाऱ्या, २०११ सालापर्यंतच्या प्रादेशिक आराखड्याविरुद्ध लोक उठले आणि २००७ मध्ये सरकारला तो मागे घ्यावा लागला. त्याच वर्षी निवडणूक होती आणि सरकारला मतांची काळजी होती. लोकांचं उठणं आणि मत, दोन्ही गोष्टी एकमेकींना बळ देतात.

ग्रामसभेला जाताना प्रश्न कागदावर लिहून न्या, एक प्रत सचिवाकडे द्या आणि दुसरीवर पोच घ्या. तोंडी बोललेलं वाऱ्यावर जातं. ठराव मांडलात तर मांडणाऱ्याचं आणि अनुमोदकाचं नाव लिहून घ्यायला सांगा. पुढच्या ग्रामसभेत मागच्या सभेचं इतिवृत्त कायम करायला घेतात, तेव्हा तुमचा ठराव त्यात शब्दशः आला आहे का हे उभं राहून तपासा. नसेल तर इतिवृत्त कायम व्हायच्या आधी हरकत नोंदवा. ती हरकतही लिहून घ्यायला लावा.