मेशवर गेस्ट वाय-फाय माडीपर्यंत नेताना या चुका टाळा

दांडिया बाजार, रावपुरा, मांजलपूर, कारेलीबाग, बडोद्यात कुठेही जा, मागणी एकच असते: "वरच्या पोरांना नेट पोचलं पाहिजे, पण आमचं खालचं काही त्यांना दिसता कामा नये." मागणी रास्त आहे. जुन्या वाड्यांच्या माड्यांवर कलाभवनात शिकणारी मुलं भाड्याने राहतात, नवरात्रात पुण्या-मुंबईचे पाहुणे उतरतात, आणि घरातले कॅमेरे, प्रिंटर, टीव्ही, सुनेचा ऑफिसचा लॅपटॉप हे सगळं एकाच वाय-फायवर असतं. मग मेश, म्हणजे घरभर एकच वाय-फाय पसरवणारा अनेक युनिटांचा संच, आणायचं, ॲपमध्ये 'गेस्ट नेटवर्क'चं, म्हणजे पाहुण्यांच्या वेगळ्या वाय-फायचं, बटण दाबायचं, नवं नाव फोनवर दिसलं की हात झटकायचे. बटण दाबल्यावर पाच मिनिटंही कोणी तपासत नाही. त्या पाच मिनिटांत न पाहिलेल्या गोष्टी नंतर मला माडी चढून पाहाव्या लागतात.

एक गोष्ट आधी डोक्यात पक्की बसवा. गेस्टला अडवण्याचं काम एकाच ठिकाणी होतं, मेशच्या मुख्य युनिटमध्ये. बाकीची युनिटं गेस्टची रहदारी वेगळी खूण लावून तिथपर्यंत आणून सोडतात, एवढंच. ती खूण वाटेत गळली, किंवा एखादं यंत्र मुख्य युनिटच्या पलीकडच्या बाजूला राहिलं, की अडवणूक संपली. खालच्या जवळजवळ सगळ्या चुका याच दोन प्रकारांत मोडतात.

जुना राउटर काढायचा आणि त्याला तेच नाव द्यायचं

माडीवर रेंज येत नाही. माळ्यावर जुना राउटर पडलेला असतो. त्याला केबल लावायची, वाय-फायचं नाव 'पाहुणे' ठेवायचं, पासवर्डही तोच. फोन आपोआप जोडला जातो आणि सगळे खूश. पण दारावर 'पाहुण्यांची खोली' अशी पाटी लावली म्हणून मधे भिंत उभी राहत नाही. तो जुना राउटर नुसता ॲक्सेस पॉइंट म्हणून, म्हणजे केबलवरचं नेट वाय-फायवर देणारं यंत्र म्हणून, चालतोय, त्याला गेस्ट म्हणजे काय ते ठाऊक नाही. जो जोडला जाईल तो सरळ घरच्या नेटवर्कात.

मांजलपूरला एका बंगल्यात हेच झालं होतं. वरच्या मजल्यावर मावशींच्या शिकवण्या चालतात, मुलांसाठी 'पाहुणे' नावाचं वाय-फाय. गणपतीत खाली आरती चालू होती आणि दिवाणखान्यातल्या टीव्हीवर अचानक कोणाच्या तरी षटकारांचे हायलाइट्स सुरू झाले, आवाजासकट. वरच्या एका पोराने आपल्या फोनवरचा व्हिडिओ कास्ट केला होता. यादीत जो टीव्ही दिसला तो निवडला, बिचाऱ्याला कुठला टीव्ही ते काय माहीत. मावशी मला म्हणाल्या, "अरे, पण पाहुण्यांचं वेगळं आहे ना?" खाली वेगळं होतं. वरती फक्त नाव होतं.

बाजारातल्या स्वस्त एक्स्टेंडरची गत तीच. तो घरच्या नावाला जोडलात तर त्याच्यामागचे सगळे घरचे. गेस्टच्या नावाला जोडलात तर निदान घर वाचतं, पण मागचे सगळे फोन राउटरला एकच यंत्र असल्यासारखे दिसतात, आणि पाहुण्यांना एकमेकांपासून वेगळं ठेवण्याची सोय त्या एक्स्टेंडरमागे सहसा चालत नाही. माझं मत विचाराल तर मेशच्याच जातीचं आणखी एक युनिट घ्या किंवा माडीला गेस्ट देऊ नका. मधला मार्ग काढायला जाऊ नका.

कंपनीच्या डब्याला लटकलेला डीव्हीआर

ही चूक माझी विशेष नावडती, कारण इथे लोकांनी बाकी सगळं बरोबर केलेलं असतं.

रावपुऱ्याजवळचा एक वाडा. घरमालक निवृत्त काका, पुतण्याने पुण्याहून मेशचा संच पाठवलेला. मांडणी व्यवस्थित होती: मुख्य युनिट पुढच्या खोलीत, एक चौकापलीकडे, एक माडीवर. गेस्ट चालू, 'लोकल नेटवर्कला प्रवेश' बंद. माडीवरच्या मुलांना ना प्रिंटर दिसत होता, ना टीव्ही. आणि एका सकाळी त्यातला एक मुलगा पायऱ्या उतरता उतरता म्हणाला, "काका, मागच्या जिन्याच्या कॅमेऱ्यावर कोळ्याने जाळं केलंय, रात्री नुसतं पांढरं दिसतं."

काकांना आधी कौतुक वाटलं, पोरगा किती लक्ष ठेवून असतो म्हणून. दुपारी जेवायला बसल्यावर डोक्यात प्रकाश पडला की कॅमेरा याला दिसतोच कसा.

मुलगा लबाड नव्हता. नेट मंद का चालतंय ते पाहायला त्याने आपला डेटा कोणत्या टप्प्यांनी बाहेर जातो ते काढलं. पहिला टप्पा मेश, दुसरा १९२.१६८.१.१, म्हणजे इंटरनेट कंपनीने भिंतीवर ठोकलेला फायबरचा डबा. मग त्याने शेजारचे आकडे ब्राउझरमध्ये टाकून पाहिले. डीव्हीआरचं, म्हणजे कॅमेऱ्यांचं चित्रण साठवणाऱ्या यंत्राचं, लॉगिन पान उघडलं, आणि पासवर्ड कारखान्यातून आलेला तोच होता.

हे घडतं कसं ते समजून घ्या. कंपनीचा डबा स्वतःच एक राउटर असतो आणि त्याच्यामागे तुम्ही मेशचा दुसरा राउटर लावलेला असतो. मेश स्वतःच्या घरातली यंत्रं पाहुण्यांपासून झाकतं, पण त्याच्या दृष्टीने घर म्हणजे त्याच्यामागे जे आहे तेवढंच. डब्याच्या रिकाम्या पोर्टांत सीसीटीव्हीवाल्याने खोचलेला डीव्हीआर मेशच्या पुढे राहतो, म्हणजे मेशच्या लेखी तो 'इंटरनेट'. आणि पाहुण्यांना इंटरनेटला जायची तर मुभा आहेच! डेटाचं पाकीट मेशमधून बाहेर पडतं, डबा म्हणतो हा पत्ता तर माझ्याच शेजारचा, आणि नेऊन पोचवतो. त्याच वाटेने डब्याचं स्वतःचं सेटिंगचं पानही उघडतं, ज्याचा पासवर्ड बहुतेक वेळा डब्याच्याच पाठीवर छापलेला असतो.

यावर उत्तम उपाय म्हणजे कंपनीला सांगून डबा ब्रिज मोडमध्ये टाकून घेणं, म्हणजे त्याचं राउटरचं काम बंद करून त्याला नुसतं नेट पुढे द्यायला लावणं, आणि लॉगिनचं नाव-पासवर्ड मेशमध्ये भरणं. मात्र डब्यावरून लँडलाइन किंवा टीव्हीचा सेट-टॉप बॉक्स चालत असेल तर आधी विचारा, नाहीतर नेट सुरू आणि फोन बंद अशी अवस्था होते. कंपनी दाद देत नसेल तर मी असं करतो: डब्यातून एकच केबल काढायची, ती मेशच्या मुख्य युनिटला. बाकी सगळं, डीव्हीआरसुद्धा, मेशच्या मागे. डब्याचं स्वतःचं वाय-फाय बंद, ॲडमिनचा पासवर्ड बदललेला. आणि उरलेल्या पोर्टांवर काळी चिकटपट्टी, कारण सीसीटीव्हीवाला पुढच्या वेळी आला की पहिलं रिकामं पोर्ट दिसेल तिथेच वायर खुपसतो. मेशच्या फायरवॉलमध्ये गेस्टसाठी नियम लिहिता येत असेल तर डब्याची पूर्ण १९२.१६८.१ मालिका अडवून टाका. घरगुती मेशमध्ये ही सोय क्वचितच मिळते.

डीव्हीआर हलवल्यावर कॅमेरे दिसेनासे झाले तर घाबरू नका. त्याला बहुधा जुन्या मालिकेतला पत्ता हाताने दिलेला असतो. नेटवर्कच्या पानावर जाऊन डीएचसीपी, म्हणजे पत्ता आपोआप घेण्याची सोय, चालू करा. पासवर्डही बदला, तिथपर्यंत गेलाच आहात तर.

'डबल नॅट वाईट' ऐकून एपी मोड

व्हिडिओ बघून शहाणे झालेले लोक याच्या उलट टोकाला जातात. दोन राउटर एकामागे एक (यालाच डबल नॅट म्हणतात) नको म्हणून मेशला एपी, म्हणजे ॲक्सेस पॉइंट, किंवा ब्रिज मोडमध्ये टाकतात. आता पत्ते वाटणं, अडवणं सगळं डब्याकडे गेलं, आणि डब्याला तुमचे पाहुणे कोण ते माहीत नाही. गूगलच्या नेस्ट वाय-फायमध्ये ब्रिज मोडला गेस्ट नेटवर्क मिळतच नाही, हे निदान प्रामाणिक. काही मेशमध्ये गेस्टचं नाव तसंच दिसत राहतं आणि अडवणूक मात्र अर्धवट किंवा शून्य. ऑनलाइन गेम खेळणारा किंवा बाहेरून घरच्या सर्व्हरवर येणारा कोणी नसेल तर डबल नॅटने तुमचं फारसं काही बिघडत नाही. गेस्ट हवं असेल तर मेश राउटर मोडमध्येच असू द्या.

नाव दिसतं, फोन जोडला जातो, पण आयपी (नेटवर्कवरचा पत्ता) मिळत नाही

हा त्रास एकाच युनिटपाशी होत असेल आणि घरचं वाय-फाय तिथे नीट चालत असेल तर केबलच्या वाटेवर संशय घ्या. वाड्याच्या जाड भिंतींतून ५ गिगाहर्ट्झ जात नाही म्हणून आपण युनिटांमध्ये केबल टाकतो, ते योग्यच. पण मधे कोणीतरी दुकानातला जुना नेटवर्क स्विच, म्हणजे एका केबलच्या अनेक करणारं खोकं, बसवलेला असतो. गेस्टची खूण म्हणजे व्हीलॅनचा टॅग, एकाच केबलवर दोन नेटवर्कं वेगळी ठेवणारी चिठ्ठी. त्याने पाकीट ४ बाइटने वाढतं, मोठ्यात मोठं १५१८ बाइटचं पाकीट १५२२ चं होतं. साधे स्विच बहुतेक वेळा ते गुपचूप पुढे ढकलतात, काही जुने टाकून देतात. सेटिंगवाला स्विच असेल तर तो अनोळखी टॅग अडवतो.

तपासायची युक्ती सोपी: त्या युनिटची केबल काढा, त्याला वायरलेसवर येऊ द्या, दोन मिनिटं थांबा. गेस्ट चालू झालं तर गुन्हेगार स्विच. केबल मुख्य युनिटऐवजी कंपनीच्या डब्यात खोचलेली असली तरी हेच लक्षण दिसतं, म्हणून आधी ते पाहा.

थोडक्यात आटपण्यासारख्या

असूसच्या एआयमेशमध्ये फर्मवेअरच्या (यंत्रातल्या सॉफ्टवेअरच्या) ३८६ मालिकेपासून गेस्ट दुसऱ्या युनिटांवर जाऊ लागलं, पण सेटिंगमधल्या गेस्टच्या फक्त पहिल्या खान्यातलं. दुसऱ्या-तिसऱ्या खान्यात बनवून "माडीवर दिसत नाही" म्हणणारे भेटतात. खाना बदला.

दोन कंपन्यांची युनिटं 'ईझीमेश'च्या, म्हणजे वेगवेगळ्या कंपन्यांची मेश एकमेकांना जोडण्याच्या मानकाच्या, शिक्क्यावर जोडताना जपून. २०१८ मध्ये हे मानक आलं तेव्हा पहिल्या आवृत्तीत रहदारी वेगळी ठेवायची सोय नव्हती, ती दुसऱ्या आवृत्तीत आली. त्यामुळे घरचं नाव सगळीकडे पसरतं आणि गेस्ट मुख्य युनिटपाशीच अडकतं.

पाहुण्यांना टीव्हीवर फोटो दाखवायचेत म्हणून 'लोकल नेटवर्कला प्रवेश' चालू करायचा आणि पाहुणे गेले तरी बंद करायचा नाही. यापेक्षा टीव्हीत पेनड्राइव्ह लावा.

गेस्ट, गेस्ट ५जी, मुलं, कॅमेरे, ऑफिस अशी नावांची रांग लावू नका. प्रत्येक नाव प्रत्येक युनिटवरून सेकंदाला साधारण दहा वेळा स्वतःची दवंडी पिटतं, हवा तेवढीच आहे. दोन नावं पुरतात, फार तर तीन.

आणि गेस्टला पासवर्ड नको, पाहुण्यांना कशाला त्रास, हे तर अजिबात नको. २६ जुलै २००८ ला अहमदाबादच्या बॉम्बस्फोटांच्या काही मिनिटं आधी धाडलेला ईमेल नवी मुंबईत सानपाड्याला राहणाऱ्या एका अमेरिकी माणसाच्या उघड्या वाय-फायवरून गेला होता. माणसाचा त्यात काही हात नव्हता, पण पोलीस आधी त्याच्याच दारात आले. कनेक्शन ज्याच्या नावावर, उत्तर त्याने द्यायचं.

तपासणी, जी कोणी करत नाही

मुख्य युनिटजवळ उभं राहून एकदा तपासलं म्हणजे झालं नाही. फोन घेऊन प्रत्येक युनिटपाशी जा, वाय-फाय बंद-चालू करा, कारण फोन जुन्या युनिटला चिकटून राहतात. ॲपमध्ये पाहून घ्या की तो खरंच या युनिटवर आलाय. मग गेस्टवरून प्रिंटरचा पत्ता ब्राउझरमध्ये टाका, डीव्हीआरचा टाका, कंपनीच्या डब्याचा टाका. काहीही उघडता कामा नये.

विंडोजच्या लॅपटॉपला पिंग करून, म्हणजे 'आहेस का' असा संदेश धाडून, "उत्तर येत नाही, म्हणजे सुरक्षित" असं ठरवू नका. त्याची स्वतःची फायरवॉल बऱ्याचदा पिंगला दाद देत नाही. प्रिंटर बरा, तो भोळा असतो, विचारलं की बोलतो. आधी घरच्या वाय-फायवरून तेच पान उघडतंय ना ते पाहा, नाहीतर बंद प्रिंटरवर तपासणी करून समाधान मानाल. उलट, गेस्टला घरच्याच मालिकेतला आयपी मिळाला म्हणून लगेच धसका घेऊ नका. काही मेश पत्ते एकाच मालिकेतले देतात आणि अडवणूक मधल्या मधे करतात. आकडा कसाही असो, पान उघडतं की नाही ते बघा.

फर्मवेअर अपडेट झालं, नवं युनिट आलं किंवा कंपनीने डबा बदलून दिला की हा फेरा पुन्हा मारा. डबा बदलायला आलेला माणूस केबली त्याला सुचेल तशा लावून जातो, चिकटपट्टी नव्या डब्यावर नसते.

माडीवरची मुलं परीक्षा संपवून खोली सोडतात तेव्हा मे-जूनमध्ये गेस्टचा पासवर्ड बदला. नवा पासवर्ड भाडेकराराच्या कागदासोबत द्या, जिन्यातल्या भिंतीवर चिकटवू नका.