झुरिकमध्ये सात तासांचा थांबा: कुटुंबासोबत असाल तर या चुका टाळा

“आमच्याकडे अमेरिकेचा व्हिसा आहे, मग झुरिकला बाहेर पडायला काय हरकत?” स्वित्झर्लंडमधल्या झुरिकला विमान बदलून अमेरिकेला जाणारं कुणी ना कुणी मला दर उन्हाळ्यात हे विचारतंच. हरकत आहे. भारतीय पासपोर्टवर विमानतळाबाहेर जायचं तर शेंगेन व्हिसाच, म्हणजे युरोपातल्या बहुतेक देशांना मिळून चालणारा व्हिसाच लागतो. अमेरिकेचा व्हिसा किंवा ग्रीन कार्ड दाखवून शहरात जाता येत नाही. आणि फक्त या सात तासांसाठी तो व्हिसा काढूही नका. मोठ्यांना माणशी 90 युरो, 6 ते 12 वर्षांच्या मुलांना 45 युरो, वर सेवाशुल्क. युरोपात जाणारच असाल किंवा व्हिसा आधीच हातात असेल, तरच बाहेर पडा.

व्हिसाही नीट वाचून घ्या. एंट्रीच्या रकान्यात 01, म्हणजे एकदाच प्रवेश, असं असेल, तर जाताना झुरिक फिरलात की ती एंट्री संपली. येताना पुन्हा थांबा असेल, तर विमानतळातच बसावं लागेल.

सात तासांचा थांबा म्हणजे सात तास फिरणं नव्हे. उतरून पासपोर्टची रांग पार करेपर्यंत तास-सव्वा तास सहज जातो आणि परत निदान दोन तास आधी यायचं असतं. जाणं-येणं धरून हातात तीन-साडेतीन तास उरतात. एवढ्यात युंगफ्राऊ किंवा टिटलिस या दूरच्या शिखरांवरचा बर्फ बघायचा हट्ट करू नका, विमान चुकेल. डोंगर हवाच असेल तर मुख्य स्टेशनवरून एस-10 ही गाडी उएटलिबर्ग या शहरालगतच्या डोंगरावर जाते. उंची 871 मीटर, वरून तळं आणि सगळं शहर दिसतं. मात्र वरच्या स्टेशनपासून माथ्यापर्यंत चढ चालायचा आहे, त्यामुळे आजी-आजोबांच्या गुडघ्यांचा आधी विचार करा. आम्ही त्याऐवजी सासूबाईंना शहरातच पॉलीबान या छोट्या लाल गाडीने वर नेलं. दोन-तीन मिनिटांत ती ईटीएच विद्यापीठाच्या गच्चीवर पोहोचवते. 1896 ते 1900 या काळात आइन्स्टाइन याच विद्यापीठात शिकत होते. सासूबाई निवृत्त गणित शिक्षिका, त्या तिथून हलेनात.

टॅक्सी करू नका. विमानतळावरून मुख्य स्टेशन रेल्वेने दहा-बारा मिनिटांवर आहे. तिकिटात चूक होते ती झोनची, म्हणजे भाड्यासाठी पाडलेल्या विभागांची. शहराचा झोन 110 आणि विमानतळाचा 121, दोन्ही असलेलं 24 तासांचं तिकीट घ्या. ते दोन सुट्या तिकिटांइतक्याच किमतीत मिळतं, त्यात परतीचा प्रवास आणि ट्रामही येते. 6 वर्षांखालची मुलं फुकट. फाटक नाही, दारात कुणी विचारतही नाही, म्हणून तसंच चढू नका. तपासनीस मध्येच येतात आणि दंड शंभर फ्रँकच्या आसपास बसतो.

आता खाण्याचं, कारण सगळ्यात जास्त पैसे इथेच जातात, तेही भुकेपायी. आमचा थांबा रविवारी होता आणि रविवारी शहरातली दुकानं बंद असतात हे मी लक्षातच घेतलं नव्हतं. दुपारी दोनला धाकटा रडायला लागला, तसे आम्ही तळ्याकाठच्या समोर दिसलेल्या हॉटेलात शिरलो. दोन पास्ते, एक प्लेट फ्रेंच फ्राइज, पाण्याच्या दोन बाटल्या. बिल शंभर फ्रँकच्या वर, म्हणजे आपले दहा हजारांहून जास्त. बाहेर आलो, तर पन्नास पावलांवर दगडी हौदात पितळी तोटीतून पाणी पडत होतं, गार आणि पिण्याजोगं. झुरिकमध्ये असे 1,200 हून जास्त हौद आहेत. रिकामी बाटली जवळ ठेवा, एवढंच.

रविवारीही मुख्य स्टेशनातली आणि विमानतळावरची किराणा दुकानं उघडी असतात. तिथून पाव, फळं, दही घ्या आणि जुन्या शहरातल्या लिंडेनहोफ या उंचावरच्या चौकात झाडांखाली नदीकडे तोंड करून जेवा. बसून गरम जेवायचं असेल, तर 1898 पासून चालू असलेलं हिल्टल हे शाकाहारी हॉटेल बानहोफश्ट्रासे या मुख्य बाजाररस्त्याच्या अगदी जवळ आहे. बुफे वजनावर मिळतो, तेव्हा मुलांची ताटं तुम्हीच वाढा.

घरून न्यायचं तर धपाटे, चटणी, चिवडा न्या. पेढे, बर्फी, तुपातले लाडू मात्र हातातल्या बॅगेत घेऊन बाहेर पडू नका. भारतातून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ स्वित्झर्लंडमध्ये आणायला बंदी आहे. लेकीसाठी केलेले डिंकाचे लाडू थेट पुढे जाणाऱ्या सामानात असू द्यात.

इथलं चलन फ्रँक आहे. युरो दिलेत तर सुटे फ्रँकमध्येच परत मिळतात, तेही वाईट दराने. कार्डाच्या मशीनने रुपये की फ्रँक असं विचारलं तर फ्रँकच निवडा. युरोपचं सिम घेतलं असेल, तर त्यात स्वित्झर्लंड आहे का ते आधी बघा. हा देश युरोपीय संघात नाही, त्यामुळे काही पॅकमध्ये तो नसतो.

परतताना गेटच्या अक्षराकडे लक्ष द्या. भारताकडची किंवा अमेरिकेकडची विमानं बहुधा ‘E’ अक्षराच्या गेटवरून सुटतात. तिथे जायला आधी सुरक्षा तपासणी, मग पासपोर्ट, मग जमिनीखालची छोटी गाडी. या वाटेसाठी अर्धा तास वेगळा धरा. त्या गाडीत बोगद्यातून जाताना अचानक गाय हंबरते आणि गळ्यातल्या घंटा वाजतात. आमचा धाकटा दिवसभराचं रडणं विसरून “आजी, गाय कुठंय?” म्हणत काचेला नाक लावून उभा राहिला. मुलांना हे आधी सांगू नका.