गावातल्या सैनिकांचा नामफलक आणि सेना दिनाची मानवंदना : कसे करावे

१५ जानेवारी १९४९ रोजी पहिले भारतीय सरसेनापती जनरल करिअप्पांनी ब्रिटिश सरसेनापतीकडून भारतीय लष्कराची सूत्रे घेतली, म्हणून १५ जानेवारी हा सेना दिन. विदर्भातल्या गावांना ही तारीख सोयीची आहे. संक्रांतीला सुट्टीवर आलेले जवान घरी असतात, माजी सैनिकही बहुधा गावातच भेटतात. तरी बहुतेक ठिकाणी शाल, श्रीफळ, तासभर भाषणे आणि हुद्दा चुकलेले सन्मानपत्र एवढ्यावरच कार्यक्रम आटोपतो. ज्याने वीस वर्षे आपला हुद्दा आणि पलटण जपली, त्याला आपण निदान त्या दोन गोष्टी अचूक द्यायला हव्यात. म्हणून तयारी मंडपापासून नाही, नावांपासून सुरू करा.

आधी नोंदवही

नोव्हेंबरच्या मध्यात दोन-तीन जणांनी घरोघर जावे. प्रत्येक सैनिकाचे डिस्चार्ज बुक (लष्करातून सुटताना मिळालेली पुस्तिका) किंवा पीपीओ (पेन्शन मंजुरीचा आदेश) समोर ठेवून हुद्दा, पूर्ण नाव, पलटण किंवा कोर, भरतीचे आणि निवृत्तीचे वर्ष, पदके लिहून घ्या. ऐकीव माहितीवर जाऊ नका. नायब सुभेदाराला लोक सरसकट ‘सुभेदार’ म्हणतात आणि तेच फलकावर चढते. कागदावर नाव बहुधा इंग्रजीत असते, त्यावरून वानखडे की वानखेडे हे कळत नाही. ते घरच्यांकडून मराठीत लिहून त्यावर सही घ्या. निवृत्ती माणसाची होते, हुद्द्याची नाही, म्हणून ‘सेवानिवृत्त’ हा शब्द नावानंतर येतो : आधी हवालदार, मग नाव, मग कंसात सेवानिवृत्त. ज्यांचे कागद हरवले त्यांच्यासाठी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात विचारा.

फक्त बंदूक चालवणाऱ्यांचीच नावे घेण्याची चूक अनेक गावे करतात. सिग्नल, इंजिनिअर, मेडिकल, रसद पोहोचवणारी एएससी हे सगळे लष्करच आहे. हिमनदीच्या पायथ्याशी रेशनची गाडी नेणारा ड्रायव्हर यादीतून गळता कामा नये. सेवेत असलेल्यांचे नाव जरूर घ्या, पण त्यांची सध्याची युनिट आणि नेमणुकीचे ठिकाण फलकावर, बॅनरवर किंवा व्हॉट्सॲपवर अजिबात टाकू नका.

नामफलक

पुतळ्याच्या फंदात पडू नका. त्याला शासनाची वेगळी परवानगी लागते आणि वर्षे जातात. ग्रामपंचायतीच्या जागेवर, ग्रामसभेचा ठराव घेऊन, साधा दगडी फलक उभारा. काळा ग्रॅनाइट, ३ फूट बाय ३ फूट, २० मिमी जाड. मथळ्याला सहा इंच सोडले आणि एका ओळीला दोन इंच धरले, तर १५ ओळी बसतात. त्यातल्या निदान पाच रिकाम्या ठेवा, कारण पोरे पुढेही भरती होणारच आहेत. अक्षरे एक इंच उंच आणि कोरलेलीच हवीत. नुसती रंगवलेली अक्षरे आपल्या उन्हाळ्यात दोन-तीन वर्षांत उडतात.

खरा घोळ होतो पायाशी. काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आक्रसून भेगाळते. तिच्यावर थेट विटा रचल्या तर भिंत कलते आणि दगड तडकतो. ५ फूट बाय ३ फूट खड्डा ३ फूट खोल खणा. त्यात मुरूम सहा-सहा इंचाच्या थरांनी, प्रत्येक थर पाणी मारून आणि धुमसाने ठोकून, २ फुटांपर्यंत भरा. वर सहा इंच काँक्रीट, त्यावर साडेतीन फूट रुंद, नऊ इंची विटांची भिंत. भोवती २ फुटांचा उताराचा ओटा घाला, म्हणजे पावसाचे पाणी पायात मुरत नाही. काँक्रीट आणि भिंत दोन्हींना निदान सात दिवस पाणी मारा. एवढा दगड साधारण ४५ किलोचा होतो. नुसत्या चिकटवण्यावर न सोडता चार कोपऱ्यांना स्टीलचे स्क्रू द्या. हे काम डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात सुरू केले तर घाई होत नाही. कोरायला देण्याआधी मजकुराची छापील प्रत घरोघर फिरवून पुन्हा सह्या घ्या.

पुष्पचक्र

बांबूच्या कमचीचे दोन फूट व्यासाचे कडे करा, त्यावर तणीस गुंडाळून सुतळीने घट्ट आवळा. झेंडूच्या तीन रांगांना सुमारे ११५ फुले लागतात. खराब फुले धरून दीड किलो आणा. आदल्या संध्याकाळी बांधून ओल्या पोत्याखाली ठेवा. मागे तिपाई हवीच, नाहीतर वाऱ्याने आडवे पडते.

तिरंगा

अनावरणासाठी फलकावर साधे पांढरे किंवा भगवे कापड टाका. तिरंग्याने फलक झाकणे ध्वजसंहितेला मंजूर नाही. व्यासपीठावर किंवा टेबलावरही तो अंथरू नये. झेंडा वर चढवताना झपाट्याने, उतरवताना सावकाश. वीरगती मिळालेल्या जवानाच्या आठवणीने काही जण तो अर्ध्यावर ठेवतात. तसे स्वतःहून करायचे नसते, त्याला सरकारी आदेश लागतो. झेंड्यात बांधायच्या पाकळ्या मूठभर आणि कोरड्या घ्या. ओल्या पाकळ्या कापडाला चिकटतात आणि वजनाने गाठ सुटत नाही. गाठ आदल्या दिवशी दोनदा सोडून पाहा.

कार्यक्रमाचा दिवस

सकाळी बाया कापूस वेचणीला गेलेल्या असतात, तेव्हा दुपारी ४ ची वेळ ठेवा आणि पावणेसहापर्यंत, उजेड असतानाच, आटपा. पाहुणे आले नाहीत तरी ४ लाच सुरू करा. आयुष्यभर वेळ पाळलेली माणसे समोर बसलेली असतात, त्यांना ताटकळत ठेवणे हा अपमान आहे.

१९६५ आणि १९७१ च्या लढाईतले सैनिक आता फार वयस्क आहेत. त्यांना व्यासपीठावर चढवू नका. हाताच्या खुर्च्या सावलीत, एका रांगेत, भरतीच्या वर्षाप्रमाणे मांडा आणि सत्कार करणाऱ्यांनी त्यांच्यापर्यंत चालत जावे. स्वतःची पदके डाव्या छातीवर लावतात. दिवंगत सैनिकाची पदके घरच्यांनी उजव्या बाजूला लावायची.

वीरनारी आणि वीरमाता, म्हणजे वीरगती मिळालेल्या जवानांच्या पत्नी आणि आया, यांचा मान पहिला. संक्रांतीच्या दिवसांत हळदीकुंकवाचा विषय निघतो आणि विधवा म्हणून त्यांना मागे बसवले जाते. हे होऊ देऊ नका. आधी एखाद्या बाईने घरी जाऊन त्यांना काय आवडेल ते विचारावे, आणि अनावरणाची दोरी त्यांच्याच हाती द्यावी.

क्रम असा : ध्वजारोहण, अनावरण, पुष्पचक्र, बिगुलाची ‘लास्ट पोस्ट’ (श्रद्धांजलीची धून), दोन मिनिटे मौन, ‘राउझ’ (मौन संपल्याची धून), नामवाचन, सत्कार, शेवटी राष्ट्रगीत. बिगुलवादक मिळाला नाही तर धून आधीच मोबाइलमध्ये उतरवून ठेवा आणि फोन फ्लाइट मोडवर टाका, नाहीतर मौनातच रिंग वाजते. वीज जाईल हे धरून स्पीकर बॅटरीवर चालणारा घ्या. त्या दोन मिनिटांपुरती पिठाची गिरणी आणि देवळाचा भोंगा बंद ठेवायला सांगून ठेवा. मौन घड्याळ लावूनच पाळा. अंदाजाने ते अर्ध्या मिनिटात संपते. मौनात आणि राष्ट्रगीतात नागरिकांनी सावधान उभे राहावे, सॅल्यूट नको.

नामवाचनाला भाषणापेक्षा जास्त वेळ द्या. प्रत्येकाचा हुद्दा, नाव, पलटण आणि सेवेची वर्षे सावकाश वाचा. जयघोष ज्याच्या त्याच्या पलटणीचा असू द्या. मराठा लाइट इन्फंट्रीचा ‘बोल श्री छत्रपती शिवाजी महाराज की जय’, महार रेजिमेंटचा ‘बोलो हिंदुस्तान की जय’, आणि ज्यांचे केंद्र आपल्या कामठीला आहे त्या ब्रिगेड ऑफ द गार्ड्सचा ‘गरुड का हूँ बोल प्यारे’. सुरुवात त्या पलटणीच्या माणसाला करू द्या, मग गावाने साथ द्यावी.

कार्यक्रमानंतर मैदानातले कागदी झेंडे त्याच संध्याकाळी वेचा. नोंदवहीची एक प्रत ग्रामपंचायतीत ठेवा. माजी सैनिकांना आणि त्यांच्या विधवांना घरपट्टी माफ करणारी राज्याची योजना २०२० पासून आहे; नोंदवहीवरून पाहा कोणी अर्ज केलेला नाही, आणि २६ जानेवारीच्या ग्रामसभेआधी ते अर्ज भरून द्या.